गेटवरची ओपीडी

२३ मार्च २०२०, सोमवार

आजपासून सगळं बंद. बस, मेट्रो, दुकानं, शाळा. दवाखाने चालू ठेवायला परवानगी आहे, पण मनाच्या दवाखान्याला दवाखाना म्हणायचं का, यावरून सकाळी आमच्या ट्रस्टच्या सेक्रेटरींशी वाद झाला. शिवराज म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे कुणाचं हाड मोडलेलं नसतं, कुणाला ताप नसतो. महिनाभर थांबले पेशंट तर काय बिघडेल?"

काय बिघडेल ते मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज चढला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "इमारतीत कुणी यायचं नाही. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात. बाकी तुम्ही बघा."

उदय सरांना फोन केला. नारायणगुड्यातली ही ओपीडी त्यांनी सुरू केली, मी त्यांची विद्यार्थिनी. आता त्यांनी सत्तरी ओलांडलीय, त्यात दमा. घराबाहेर पडायचं नाही अशी मी त्यांना तंबी दिली. "आज्ञा," म्हणाले आणि हसले.

माझा नवरा सारंग आणि लेक सायली पुण्यात अडकलेत. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते, या आठवड्यात परत यायचे होते. बरकतपुऱ्याच्या या फ्लॅटमध्ये सध्या मी एकटीच. बोलायला कुणी नाही म्हणून ही डायरी उघडली. एका औषध कंपनीने जानेवारीत दिलेली, आजवर कोरी.

२५ मार्च, बुधवार. पाडवा

गुढी उभारली नाही. एकटीसाठी कुठे? सायलीने व्हिडिओवर त्यांची गुढी दाखवली. मी म्हटलं, छान आहे. तिने विचारलं, "आई, तू गोड काय केलंस?" शिरा केला म्हणून सांगितलं. चहा-बिस्किटं खाल्ली होती.

इमारतीत यायचं नाही, पण अंगणात यायचं नाही असं शिवराज म्हणाले नाहीत. उद्यापासून गेटवर बसते.

२८ मार्च, शनिवार

आमची गेटवरची ओपीडी अशी: गेटच्या आत बदामाच्या झाडाखाली माझी खुर्ची आणि स्टूल. बाहेर फुटपाथवर पेशंटची खुर्ची. मध्ये लोखंडी गेट. तारामती, आमची रिसेप्शनिस्ट, मास्क लावून रस्त्यावर उभी राहते आणि लोकांना लांब लांब थांबवते. ती नारायणगुड्यातच वाढलेली, तेलुगू, दख्खनी, मराठी, सगळं एकाच वाक्यात बोलते. "अम्मा, वहीच ठहरो, जरा मागं सरा, नंबर आला की बोलवते."

येणाऱ्यांत निम्मे आमचे नेहमीचे नव्हतेच. ताडीची आणि दारूची दुकानं बंद झाल्यापासून ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना भिंतीवर किडे दिसतात, ते आले. एकाला दोघांनी धरून आणला होता. त्याला लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. बाकीच्यांना औषध दिलं, घरच्यांना समजावलं.

मोकळ्या रस्त्यावर माणसाला कसं विचारायचं, मरावंसं वाटतं का म्हणून? आज विचारलं. हळू आवाजात, गेटच्या गजांमधून. एका बाईने "हौ" म्हटलं आणि आम्ही दोघींनी मिळून तिच्या बहिणीला फोन लावला. बहीण संध्याकाळी येऊन तिला घेऊन गेली.

गेट नसतं तर ती बाई आज कुठे गेली असती?

६ एप्रिल, सोमवार

जे येऊ शकत नाहीत त्यांना दुपारनंतर फोन. फोनवरून तपासून औषध लिहायला परवानगी मिळालीय. माझा यावर विश्वास नव्हता. पेशंट दारातून कसा आत येतो, कुठे बसतो, बोटांशी काय चाळा करतो, यातच अर्धी तपासणी असते. फोनवर नुसता आवाज. पण लोक फोनवर असं काही बोलतात की समोर बसून कधी बोलले नसते. आबिड्सच्या एका दुकानदाराने आज गोदामात लपून मला फोन केला आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

हणमंतरावांनीही फोन केला. काचिगुड्याला राहणारे निवृत्त मराठी शिक्षक, बायको गेल्यापासून एकटे. नैराश्याचा जुना आजार, पण गेली काही वर्षं छान सावरलेले. "मी हणमंतराव बोलायलो डॉक्टर. माझं ठीक चाललंय. तुमचं जेवण झालं का?"

मी म्हटलं, झालं. झालं नव्हतं.

तारामतीला स्वयंपाकाचा अंदाज येईनासा झालाय. रोज दहीभात नाहीतर पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, जास्त होतो आणि डबा माझ्या स्टुलावर ठेवते. "फेकून कायकू द्यायचा, मॅडम." तिच्यासाठी म्हणून खाते थोडा.

१७ एप्रिल, शुक्रवार

गौतमच्या आईचा फोन. गंगूबाई मलकपेटला राहतात, शिवणकाम करतात. गौतम त्यांचा एकुलता एक. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आजार सुरू झाला, आवाज ऐकू यायला लागले, कॉलेज सुटलं. चार औषधं फसल्यावर पाचवं लागू पडलं. गेलं वर्षभर तो आबिड्सला झेरॉक्सच्या दुकानात काम करत होता. पण या पाचव्या औषधाला दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या तर जिवावर बेतू शकतं. तपासल्याशिवाय पुढच्या गोळ्या देता येत नाहीत.

त्यांची गल्ली बुधवारी पत्रे लावून बंद केली. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.

"बाई, गोळ्या सरायल्यात. उद्याच्या पुरत्याच हायत. आन् लेकरू आता मला पण घाबरायलंय. मास्क लावला की म्हणतंय, तू माझी आई नाहीस."

तपासल्याशिवाय गोळ्या द्याव्यात, तर तो धोका. बंद कराव्यात, तर दुसरा, कदाचित मोठा. सरांशी तासभर बोलले. सर म्हणाले, "रक्त मिळवता येतंय का ते आधी बघ. नाही मिळालं तर दोघं मिळून ठरवू. एकटी ठरवू नकोस." फोन ठेवता ठेवता नेहमीसारखं म्हणाले, "आणि तू?"

मी मजेत, म्हटलं.

१८ एप्रिल, शनिवार

किशोर आला. तो आमच्या पेशंटचं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. लॅब अर्धीच चालू आहे, त्याला सुट्टी होती, तरी एका फोनवर आला. त्याच्या स्कूटरमागून माझी गाडी.

गल्लीच्या तोंडाशी पत्रे आणि बांबू. पोलिस शिपाई बाई उन्हात खुर्चीवर बसलेल्या. "अंदर नै जा सकते मॅडम. आर्डर है."

मी म्हटलं, "आम्ही आत जात नाही. तो बाहेर येत नाही. फक्त हात बाहेर येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किशोरच्या पेटीकडे पाहिलं. मग स्वतः उठून दोन पत्र्यांमधली फट रुंद केली.

गंगूबाई गौतमला घेऊन आल्या. दाढी वाढलेली, नजर भिरभिरती. किशोरने मास्क, टोपी, गॉगल असं सगळं चढवलेलं. गौतम त्याला बघून मागे सरला आणि ओरडला, "यांची तोंडं कुठायत? सगळ्यांची तोंडं काढून घेतलीत!"

मी हाक मारली. माझ्याकडेही तसाच बघत राहिला. आवाज ओळखीचा, पण तोंड नाही. मग मी रस्त्याच्या पार पलीकडे गेले, बंद दुकानाच्या पायरीवर चढले आणि मास्क खाली ओढला.

"गौतम, बघ. मीच आहे."

बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही बारीक झाल्यात."

आणि फटीतून हात बाहेर काढला. शर्टाची बाही त्याने स्वतःच वर केली.

किशोरचे हात अजिबात हलले नाहीत. संध्याकाळी रिपोर्ट आला, पेशी ठीक. शिपाई बाईंनी गोळ्यांचं पाकीट स्वतः नेऊन दिलं. गंगूबाईंनी फोन करून गोळ्या पोचल्याचं कळवलं. किशोरने आणि शिपाई बाईंनी आज नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होते? दोघांनाही नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता.

घरी येऊन आरशात पाहिलं. बारीक वगैरे काही नाही. मास्कचे वळ आहेत, इतकंच.

१९ मे, मंगळवार

पहाटे जाग येते आणि मग लागत नाही. उन्हाळाच असा आहे यंदा. पंखा गरम हवा फेकतो.

हणमंतरावांचे फोन वाढलेत, आता जवळजवळ रोज. झोप उत्तम, भूक उत्तम, सकाळी गच्चीवर फिरतात, गॅलरीत पुदिना लावलाय. मग फोन कशासाठी? फाइलमध्ये लिहून ठेवलं: डॉक्टरवरचं अवलंबित्व वाढतंय, हळूहळू फोन कमी करायला हवेत. आज तसं सुचवलं तर म्हणाले, "करू की. आज काय जेवलात ते सांगा, मग ठेवतो."

विषय बदलायची त्यांची ही पद्धत.

८ जून, सोमवार

सारंग म्हणतो, पास मिळतोय, आम्ही गाडीने येतो. मी नको म्हटलं. मी रोज लोकांत असते, माझ्यामुळे सायलीला काही झालं तर? सारंग म्हणाला, "सायलीला तू हवी आहेस." मी म्हटलं, मला पेशंट आहेत. जरा तोडूनच बोलले. सायलीचा नंतर फोन आला, तो घेतला नाही. उद्या करीन.

गौतमचं मात्र फार छान. दुकान उघडलं, तो कामावर गेला. मालकाने काउंटरवर काच लावलीय. "आता सगळ्यांची तोंडं दिसतात," म्हणाला.

२९ जून, सोमवार

आज तारामतीवर ओरडले. दोन पेशंटच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या, वेळीच लक्षात आलं, काही बिघडलं नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. चिठ्ठ्यांवर नावं मीच घातलेली. ती ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, उद्या तुम्ही सुट्टी घेता का? एकच दिवस?"

मी सुट्टी घेतली तर गेटवर कोण बसणार?

संध्याकाळी फोन करून तिची माफी मागितली. "जाने दो मॅडम," म्हणाली, "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. या शहरात सगळ्यांना माझ्या जेवणाचं काय पडलंय कळत नाही.

१३ जुलै, सोमवार

गेले नाही. तारामतीला अंग दुखतंय म्हणून सांगितलं. किशोर घरी येऊन नमुना घेऊन गेला.

१४ जुलै

रिपोर्ट निगेटिव्ह. म्हणजे जायला हवं होतं. आंघोळसुद्धा झाली नाही.

१५ जुलै

फोन बंद ठेवला आहे.

१६ जुलै, गुरुवार

सकाळी खालून हॉर्न. थांबेचना. शेवटी गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर उदय सर! स्वतः गाडी चालवत आलेले. दोन मास्क, हातात छत्री. त्यांनी खुणेने फोन चालू करायला सांगितलं.

"सर, तुम्ही घराबाहेर पडायचं नाही म्हणून..."

"आज्ञा मोडली. ऐक. मी इथून विचारतो, तू तिथून सांग. खोटं बोललीस तर छत्री आपटत ओरडीन, सगळा बरकतपुरा ऐकेल. पहाटे कधी जाग येते?"

"अंधार असतो."

"रोज?"

"उन्हाळ्यामुळे, सर."

"जुलै आहे, प्रिया. पाऊस पडतोय."

पडत होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ते एकेक विचारत गेले. भूक, वजन, चिडचिड, सायलीशी शेवटचं कधी बोललीस. हेच प्रश्न मी रोज विचारते, याच क्रमाने. उत्तरं देताना मी दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकतेय असं वाटलं. अशी बाई गेटवर येऊन बसली असती तर दुसऱ्या मिनिटाला ओळखली असती. शेवटचा प्रश्नही त्यांनी विचारला, तोच, जो मी रस्त्यावर हळू आवाजात विचारते.

"नाही सर. तसं नाही. पण उठून काय करायचं, असं वाटतं."

मग मला रडू आलं. वर मी, खाली पावसात ते. सर गेले नाहीत. माझं रडून होईपर्यंत तसेच वर बघत उभे राहिले.

मग म्हणाले, "गोळी लिहून तारामतीकडे देतो. उद्यापासून नाही, आजपासून. गेटवर माझी सून टॅब्लेट लावून देईल, मी घरून पेशंट बघेन. तीन आठवडे तू तिकडे फिरकायचं नाहीस. आणि सारंगला कोण सांगणार, तू की मी?"

"मी सांगते."

सांगितलं. सारंगने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्ही निघतो." या वेळी मी नको म्हटलं नाही.

२० जुलै, सोमवार

सारंग आणि सायली काल दुपारी पोचले. सायली दारात मास्क लावून उभी, आत यावं का, जवळ यावं का, ठरवता येईना तिला. मीच पुढे झाले. माझ्यापेक्षा उंच झालीय. चार महिन्यांत केवढी वाढलीय पोरगी! आम्ही दारातच उभ्या होतो बराच वेळ. सारंग जिन्यात बॅगा घेऊन थांबलेला, म्हणाला, "मलाही आत घ्या कुणीतरी."

८ ऑगस्ट, शनिवार

पहाटेची जाग उशिरा उशिरा यायला लागलीय. काल भूक लागली म्हणून मी स्वतः उठून काही खाल्लं. एवढीशी गोष्ट, पण सायलीने टाळ्या वाजवल्या.

आज हणमंतरावांना मी फोन केला. मी नसताना त्यांनी सरांना एकदाही फोन केला नाही, हे कळल्यावर काळजी वाटली होती. ते ठणठणीत होते.

"मग मला रोज का करत होतात?"

"डॉक्टर, रागावणार नाहीत ना? एप्रिलात तुमचा आवाज बदलला. माझ्या बायकोमागं माझा असाच झाला होता. शब्द सगळे ठीक, खाली काही नाही. मला वाटलं, बाई एकट्या हायत."

"मग सांगितलं का नाही मला?"

"डॉक्टरला कसं सांगायचं? जेवण विचारायलो. तेवढंच विचारता येतं." मग म्हणाले, "तुम्ही फोन बंद केला तवा मात्र राहवलं नाही. तारामतीबाईंना केला. त्या म्हणाल्या, मी पण तेच बघायलेय. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं."

दहीभाताचे ते उरलेले डबे! एवढे दिवस मी समजत होते की ही ओपीडी मी चालवते.

तारामतीला फोन केला. थँक यू म्हटलं. ती म्हणाली, "आप पहले ठीक होके आओ, मॅडम. स्टूल तुमची वाट बघायलंय."

१७ ऑगस्ट, सोमवार

गेटवर परत. सरांनी तीन आठवडे म्हटलं होतं, चार झाले. अर्धाच दिवस बसते, उरलेला अर्धा सर फोनवर बघतात आणि घरी बसून मजेत आहेत. त्यांना मी म्हटलं, हे आपण आधीच का नाही केलं? "तू विचारलं नाहीस," म्हणाले.

गंगूबाई रांगेत होत्या. आज गौतमसाठी नाही, नुसत्याच आल्या होत्या. गजांमधून माझा हात धरला, सॅनिटायझर वगैरे विसरून. "बाई, आमी सगळी तुमच्या नावानं दिवा लावायलो होतो." एवढ्या लोकांनी आपली आठवण काढावी असं मी काय केलं? हात तसाच राहू दिला.

५ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून आत बसायला परवानगी. सेक्रेटरी शिवराज स्वतः येऊन खिडक्या उघडून गेले आणि जाताना म्हणाले, "मॅडम, गेटवरचं ते पण चालू ठेवा. लोकांना सवय झालीय." तेच, ज्यांना मार्चमध्ये काय बिघडेल असं वाटत होतं! मी त्यांचे मनापासून आभार मानले. मार्चमध्ये त्यांनीही गेटला कुलूप लावलं नव्हतंच की.

ओपीडी संपता संपता एक नवीन पेशंट आली. तेजश्री, मूळ नांदेडची, इथल्या एका मोठ्या इस्पितळात कोविड वॉर्डात नर्स. आत खुर्च्या रिकाम्या होत्या तरी गेटबाहेरच उभी होती. तारामती दोनदा बोलवून आली. शेवटी मी बाहेर गेले.

"आत आलं तर चालेल का? घरमालकीण मला जिन्यालाही हात लावू देत नाही."

"चालेल. या."

आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. मी विचारलं त्याची एका शब्दात उत्तरं देत होती. हो, नाही, ठीक. सोबतच्या मुली करतातच की ड्युटी, आपल्यालाच काय झालंय, असं तिचं चाललेलं. मग एकदम माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही दिवसभर हेच ऐकता. तुम्हाला नाही होत काही?"

एरवी मी हसून पुढचा प्रश्न विचारला असता.

"झालं होतं," मी म्हटलं. "जुलैत. उठवत नव्हतं. गोळी चालू आहे अजून."

तिने जरा वेळ माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, खुर्चीत मागे टेकून बसली आणि बोलायला लागली.